नोकरी सोडून लिहायला बसणार असाल, तर आधी इन्स्क्रिप्ट शिका

विमा कंपनीच्या दावे विभागातली नोकरी सोडून मी पूर्णवेळ लेखन आणि अनुवादाकडे वळले, त्याला आता बरीच वर्षं झाली. राहते नाशिकला. कामं मात्र पुण्या-मुंबईची, थोडी गोव्याची, काही हैदराबादच्या कंपन्यांची. दिवाळी अंकांतले लेख, माहितीपटांच्या संहिता, सामाजिक संस्थांचे वार्षिक अहवाल, शेती-औषधांची माहितीपत्रकं, ऑडिओ मालिकांचे भाग असं सगळं करते. नोकरी सोडायच्या विचारात असलेले लोक मला फोन करतात, आणि त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. कामं मिळतात कुठून? दर काय लावायचा? घरच्यांना कसं समजावलं? मी त्यांना उलट विचारते, "तुम्ही मराठी टाईप कशावर करता?"

बहुतेकांना हा प्रश्न किरकोळ वाटतो. मला तो पहिला वाटतो, म्हणून हे परीक्षण एका कीबोर्डचं. त्यासाठी दुकानात जावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली की 'मराठी' नावाने जो कीबोर्ड येतो, तो इन्स्क्रिप्टच. त्याच्याजवळ 'मराठी फोनेटिक' नावाचा दुसरा दिसतो, तो वेगळा. मॅकवर कळांच्या जागांचा हाच आराखडा 'देवनागरी' या नावाने असतो आणि लिनक्सवरही मिळतो. यंत्र बदललं तरी हात तोच चालतो.

इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठी ठरवलेला प्रमाण आराखडा आहे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचं काम सुरू झालं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे आलं, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात हा आराखडा नोंदला गेला. म्हणजे तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. उद्या एखादं अ‍ॅप बंद पडलं, एखादी सेवा पैसे मागू लागली, तरी माझ्या हातातली विद्या कुणी काढून घेत नाही. पगार नसलेल्या माणसाला ही खात्री फार मोलाची असते.

आता रचना. टंकलेखन यंत्राचा रेमिंग्टन आराखडा यंत्राच्या खटक्यांच्या सोयीने बनलेला होता. इन्स्क्रिप्ट आपल्या वर्णमालेच्या सोयीने बनलेला आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या रांगेत उजवीकडे प, र, क, त, च, ट. डावीकडे ओकार, एकार, हलन्त, ऱ्हस्व इकार, ऱ्हस्व उकार. शिफ्ट दाबली की क चा ख होतो, ग चा घ, त चा थ, ब चा भ, च चा छ. मात्रेच्या कळीवर शिफ्ट दाबली की तिचा पूर्ण स्वर उमटतो: ि च्या जागी इ, ा च्या जागी आ. सगळ्यात सुंदर जागा इंग्रजी डी च्या कळीवर आहे. तिच्यावर साधा दाब दिला की हलन्त, शिफ्टसह दिला की अ. हलन्त म्हणजे व्यंजनातला अ काढून टाकणं, आणि तो अ त्याच कळीवर वर बसलेला. ज्याने कुणी हे योजलं त्याने व्याकरण मनापासून वाचलेलं होतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

पाटी, टोपी, काका, चूक असे शब्द टाईप करून बघा. उजवा, डावा, उजवा, डावा. भाकरी थापताना दोन्ही हात जसे आपापल्या वेळेला पुढे येतात, तसं होतं. म, न आणि व मात्र डाव्या हाताच्या तळाच्या रांगेत आहेत आणि सुरुवातीला ते चकवतात. 'नवीन', 'मनमानी' यांसारख्या शब्दांना डावा हात एकटाच राबतो. तेवढी जागा सोडली तर तासन्‌तास लिहूनही दोन्ही हातांवर काम बऱ्यापैकी वाटून जातं.

शिकायला किती वेळ लागतो? कळांच्या जागा एका आठवड्यात समजतात. हात बसायला एक पावसाळा धरा. मी नोकरीत असतानाच शिकायला घेतला होता, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री. आमच्या नाशिकरोडला टायपिंग क्लास चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्या आयुष्यभर रेमिंग्टनवर शिकवत आल्या, पण त्यांनी मला एकच गोष्ट इतक्या वेळा सांगितली की ती इथे जशीच्या तशी देते: "ताई, कळांवर स्टिकर चिकटवू नका. स्टिकर लावलं की डोळे खाली जातात आणि आयुष्यभर खालीच राहतात. तक्ता भिंतीवर लावा." मी तक्ता समोरच्या भिंतीवर लावला आणि रोज वर्तमानपत्रातली एक बातमी उतरवून काढत गेले. बातमीच का, तर तिच्यात जोडाक्षरं भरपूर असतात: मुख्यमंत्र्यांच्या, जिल्हाधिकाऱ्यांनी, प्रात्यक्षिक, निर्णयाविरुद्ध. एवढं जमलं की ललित लेखन सोपं जातं.

इथे फोनेटिकवाले विचारतात की kamal असं लिहिलं की 'कमल' येतंच, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मीही बरीच वर्षं तसंच लिहिलं, आणि दोन ओळींच्या निरोपाला आजही ती पद्धत चांगलीच आहे. पण पोटापाण्यासाठी लिहायला लागलं की तिच्या तीन गोष्टी आड येतात.

पहिली ही की ती अंदाज बांधते. तुम्ही रोमन अक्षरं देता, यंत्र तुम्हाला काय म्हणायचं असेल ते ठरवतं आणि शब्दांची यादी दाखवतं. प्रत्येक शब्दाला डोळे त्या यादीकडे जातात. वाक्य मनात अर्धं बनलेलं असतं आणि तुम्ही 'पाणी' की 'पानी' यावर बोट ठेवत बसता. कळा मोजल्या तर जोडाक्षरांच्या शब्दांत इन्स्क्रिप्टची बचत फारशी नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. 'घर', 'बघत', 'कमल' यांत कळा कमी लागतात, कारण व्यंजनातल्या अ साठी वेगळी कळ लागत नाही. 'विद्यार्थी' लिहिताना मात्र हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. खरी बचत डोळ्यांची आणि लक्षाची आहे. इन्स्क्रिप्टमध्ये जे दाबलं तेच उमटतं. त्यामुळे माझी नजर वाक्यावर राहते.

दुसरी गोष्ट बोलीभाषेची, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी. मी ऑडिओ मालिकांचे संवाद लिहिते. माणसं 'केले', 'गेले', 'सांगितले' असं बोलत नाहीत. 'केलं', 'गेलं', 'सांगितलं' असं बोलतात. शेवटचा अनुस्वार यादीतून शोधावा लागला की लिहिणारा नकळत 'केले'वर समाधान मानतो आणि पात्र परिपत्रकासारखं बोलू लागतं. इन्स्क्रिप्टवर अनुस्वार म्हणजे डाव्या हाताच्या तळाच्या रांगेतली एक कळ. माझ्या एका मालिकेत निफाडकडच्या म्हाताऱ्या शेतमजूर बाईचं पात्र होतं. ती 'पानी' म्हणते, 'कुनी' म्हणते. अंदाज बांधणारी पद्धत तिला शुद्ध करू बघते. दुसऱ्या एका भागात अहिराणी संवाद होते, 'काय करी ऱ्हायना तू?' अशा तोंडवळ्याचे. त्यातला 'ऱ्हा' यादीत शोधून सापडणं अवघड. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग ह, मग काना. खानदेशातल्या, कोकणातल्या, चंदगडच्या ज्या कुणाला आपल्या घरची भाषा लिहायची आहे, त्यांच्यासाठी केवळ एवढ्या कारणासाठीही हा कीबोर्ड शिकण्यासारखा आहे. त्यावर तुमच्या आजीचं बोलणं कुणी दुरुस्त करत नाही.

तिसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. यादीतून शब्द निवडायची सवय लागली की 'आणि' आणि 'आणी' यांतला फरक हाताला कळेनासा होतो. इन्स्क्रिप्टवर ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी या बोटाच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत, त्यामुळे शुद्धलेखन हळूहळू बोटांत उतरतं. मुक्त लेखकाला हे पैशात मोजता येतं. ज्या संपादकाला तुमच्या मजकुरावर कमी काम करावं लागतं, तो पुढचं काम तुम्हालाच देतो.

पैशाचा विषय निघालाच आहे तर सरळ बोलू. नोकरीत तुमचा टायपिंगचा वेग कुणी विचारत नाही, पगार एक तारखेला येतो. अनुवादात शब्दांवर पैसे असतात. समजा दर शब्दाला एक रुपया आहे. याद्या बघत, दुरुस्त करत तुम्ही तासाला पाचशे शब्द पुरे करता, आणि हात बसल्यावर सातशे. दिवसातले खरे लिहिण्याचे तास चार धरा. नवख्यांना आठ वाटतात, पण चारच निघतात. रोजचे आठशे शब्द वाढले, महिन्याच्या वीस दिवसांचे सोळा हजार रुपये. नाशिकमध्ये दोन खोल्यांचं भाडं त्यात निघतं. शिवाय बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि उरलेली रक्कम कधी येईल हे बऱ्याचदा समोरच्याच्या मर्जीवर असतं. अशा वेळी आपल्या ताब्यात असलेली एकमेव गोष्ट म्हणजे आपला तास. त्या तासात किती काम बसवता येतं, यावर राजीनामा टिकतो की नाही ते ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

(विषय थोडा बाजूचा आहे, पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नक्की करून ठेवा. ती मोफत आहे आणि घरबसल्या होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही ४५ दिवसांची ओळ छापते. नम्रपणे छापते, पण छापतेच.)

बोलून टाईप करण्याबद्दलही सांगायला हवं. गूगल डॉक्समध्ये मराठीत बोललं की अक्षरं उमटतात आणि ती सोय खरोखर चांगली आहे. मुलाखत उतरवायला, पहिला कच्चा खर्डा काढायला मी ती वापरते. विरामचिन्हं मात्र नंतर आपणच घालायची असतात. शेती-औषधांच्या पत्रकात 'केवडा', 'भुरी', 'करपा' हे रोग आणि लिटरमागे किती मिली हे आकडे असतात. तिथे एखादा शब्द चुकीचा ऐकला गेला तर एखाद्याच्या द्राक्षबागेचं नुकसान होईल. ती पत्रकं मी एक एक अक्षर स्वतः टाईप करते.

आता उणिवा. त्या लहान नाहीत.

प्रश्नचिन्ह नाही. हो, नाही. इंग्रजीत जिथे प्रश्नचिन्ह असतं, तिथे इन्स्क्रिप्टमध्ये नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेलं य़ बसलेलं आहे, जे मराठीला लागतच नाही. उद्गारचिन्हाच्या जागी ऍ. अवतरणचिन्हांच्या कळीवर ट आणि ठ, अर्धविराम आणि अपूर्णविरामाच्या कळीवर च आणि छ. म्हणजे संवाद लिहिताना दर दुसऱ्या ओळीला इंग्रजीत जायचं, चिन्ह टाकायचं आणि परत यायचं. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते. हाताला त्याचीही सवय होते, पण सवय झाली म्हणून ती उणीव झाकली जात नाही. मी यातून काढलेली वाट अशी: पहिल्या खर्ड्यात प्रश्नचिन्हाऐवजी दोन दंड टाकायचे आणि शेवटी शोधा-बदला वापरून एका फटक्यात सगळे बदलायचे. अवतरणचिन्हं नाटकाच्या संहितेसारखी पात्राचं नाव लिहून टाळायची आणि छपाईला देताना घालायची.

दुसरी उणीव मराठी 'ॲ' ची. बँकेतला चंद्र लगेच मिळतो, पण 'ॲसिड', 'ॲप', 'ॲड्रेस' यांतला अ वर चंद्र असलेला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, २००८ साली आला आणि मूळ आराखडा त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे शिफ्टसह एकच्या कळीवर येतो तो हिंदीतला ऍ. काही जण अ टाईप करून वर चंद्र लावतात. ते दिसतं ठीक, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं राहतात आणि शोधताना शब्द सापडत नाही. वर्डमध्ये आपोआप दुरुस्तीची सोय आहे. तिच्यात 'ऍप'साठी 'ॲप' असे नेहमीचे शब्द एकदाच भरून ठेवा.

त्याउलट 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा र इन्स्क्रिप्टवर अगदी नीट येतो. शिफ्टसह र दाबला की ऱ, मग हलन्त, मग य. हे मुद्दाम सांगते, कारण अनेक जण साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून तो बनवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर छापखान्यात जाऊन जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित झाला की ते अदृश्य चिन्ह गळतं आणि 'दुसर्या' छापून येतं. दिवाळी अंकात आपल्या नावाखाली ते वाचायला लागलं की जीव तुटतो.

छापखान्याचा प्रश्न पूर्णवेळ लिहिणाऱ्याला येतोच. काही अंक आजही पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर लागतात आणि पेजमेकरला युनिकोड समजत नाही. त्यांना जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर हवा असतो. मी युनिकोडमध्येच लिहिते, रूपांतर त्यांच्याकडे होतं आणि मुद्रितं वाचायला मागून घेते. इनडिझाइनवर अंक लावणाऱ्यांना एवढंच सांगते की परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा, म्हणजे वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसतात. हे सांगणं लेखकाचं काम नाही असं कुणी म्हणेल. पण नोकरी सोडली की लेखकामागे कुठला विभाग उभा नसतो, जे माहीत असेल ते सांगून मोकळं व्हावं.

एक फायदा मला नंतर कळला आणि त्याने कामच मिळवून दिलं. इन्स्क्रिप्ट बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठीत जिथे क, तिथेच गुजरातीत, कन्नडमध्ये, बंगालीत त्या त्या लिपीचा क. गोव्यातल्या एका संस्थेचं देवनागरी कोंकणी मजकूर तपासायचं काम आलं, तेव्हा वेगळं काही शिकावंच लागलं नाही. हिंदीचंही तेच. गुजराती लिपी मला वाचता येते आणि त्या कीबोर्डवर पहिल्याच दिवशी हात ओळखीच्या जागी पडले. एका मेहनतीत इतकी दारं उघडणारं दुसरं साधन मला ठाऊक नाही.

कुणी शिकू नये? ज्यांचं सगळं लेखन फोनवर होतं, त्यांनी यात पडू नये. अंगठ्यांनी लिहिण्यासाठी हा आराखडा बनलेला नाही. ज्यांचा रेमिंग्टनवर वर्षानुवर्षं हात बसला आहे, त्यांनीही तो मोडू नये. रेमिंग्टनच्या सवयीने युनिकोडमध्ये लिहिता येण्याची सोय मिळते, ती घ्यावी. वर्षाकाठी दोन-चार लेख लिहिणाऱ्यांना फोनेटिक पुरेसं आहे.

बाकी ज्यांनी मनाशी ठरवलंय की पुढच्या मार्चनंतर नोकरी नाही, त्यांनी आजच सेटिंग उघडावं. पगार चालू असताना शिका. पगार थांबल्यावर पहिल्या कामाची मुदत डोक्यावर असते आणि त्या वेळी नवा कीबोर्ड हाताला वळत नाही. पाचपैकी चार तारे. पाचवा मी राखून ठेवलाय, आणि मानक सुधारणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे: मराठीच्या आराखड्यातून ते नुक्त्याचं य़ हलवा आणि तिथे आम्हाला प्रश्नचिन्ह द्या.